पेटीतला रुपया: विकायचा, ठेवायचा की नवा घ्यायचा?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर. सभेला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी छापत आहोत. गटाच्या बैठकीत वाचून दाखवावा.)



मला आज बोलायला सांगितलं आहे जुन्या नाण्यांवर. कोणती नाणी पुढे भाव खातील, कोणती ठेवावी, कोणती घ्यावी. विषय ऐकून काही जणी हसल्या. पण हा विषय तुमच्याकडूनच आला आहे. ग्रामसंघाच्या बैठकीत एक ताई विचारते, "माह्या सासूच्या गाठोड्यात राणीछाप रुपये हायेत, किती येतीन?" दुसरी विचारते, "मोबाईलवर दाखवते, वैष्णोदेवीच्या नाण्याले लाखो रुपये भेटते, खरं हाय का?" आणि तिसरी काहीच विचारत नाही. ती पैसे भरून मोकळी झालेली असते. या तिघींसाठी मी बोलणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. नाण्याचा भाव त्याच्या वयावर ठरत नाही. जुनं म्हणजे महाग, हा समज डोक्यातून काढा. सातवाहन राजांच्या काळचं, दीड-दोन हजार वर्षं जुनं शिशाचं नाणं थोडक्यात मिळू शकतं, आणि आपल्या आजीच्या लहानपणीचा एखादा रुपया हजारोंना जाऊ शकतो. असं का होतं ते समजून घेतलं, तर आपल्याला कोणी फसवू शकत नाही.

आधी घरात काय आहे ते ओळखा

आपल्या भागात घरोघरी सापडतो तो इंग्रजांचा चांदीचा रुपया. म्हातारी माणसं त्याला कलदार म्हणतात. त्याचं वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. हिशेब केला तर एका रुपयात जवळपास १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी भरते. व्हिक्टोरिया राणीचा, मुकुट नसलेल्या टकल्या एडवर्ड राजाचा आणि पंचम जॉर्जचा, या सगळ्या रुपयांना हाच हिशेब लागतो.

मग दुसरं महायुद्ध आलं, चांदी कमी पडली. सहाव्या जॉर्जच्या १९४० ते १९४५ या सालांच्या रुपयात चांदी निम्मीच आहे, साधारण ५.८ ग्रॅम. आणि १९४७ चा रुपया, ज्याच्या मागे वाघ आहे, त्यात चांदी अजिबात नाही. तो निकेलचा आहे. चुंबक लावून बघा, चिकटतो. चांदीला चुंबक चिकटत नाही. तेव्हा रुपया हातात आला की आधी साल वाचा. डोळ्यांनी दिसत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराला वाचायला सांगा.

राजुरा, कोरपना, जिवती भागातल्या ताईंकडे आणखी एक रुपया सापडेल, चारमिनार छापाचा. राजुऱ्याचा भाग पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५९ साली तो चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला. निजामाचं स्वतःचं चलन होतं, त्याला हाली सिक्का म्हणत. तो रुपया कलदारापेक्षा थोडा हलका, सुमारे ११.१८ ग्रॅम, आणि चांदीही थोडी कमी, शंभरात सुमारे ८२ भाग. शेवटच्या काळातल्या हाली रुपयात तर चांदी आणखी कमी केली होती. म्हणून कलदार आणि हाली एका तराजूत टाकून एकाच भावाने विकू नका.

आता एक नाणं असं सांगते, जे कोणी न समजता दुकानात देऊन टाकेल. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीला सरकारने १० रुपयांचं नाणं काढलं. ते १५ ग्रॅमचं आहे आणि त्यात ८० टक्के चांदी आहे, म्हणजे १२ ग्रॅम. १९७२ साली स्वातंत्र्याच्या पंचवीस वर्षांचं १० रुपयांचं नाणं आलं, ते २२.५ ग्रॅमचं, निम्म्या चांदीचं. त्यावर १० रुपये लिहिलंय म्हणून ते १० रुपयांचं राहिलेलं नाही. पण गांधीजींचंच २० पैशांचं पिवळं नाणं निघालं होतं, त्यात ना सोनं ना चांदी. कमळाचे २० पैसेही तसेच. त्यात सोनं आहे अशी आपल्याकडे अफवा होती, कित्येकींनी लक्ष्मीपूजनासाठी डबा भरून ठेवले. पूजेला ठेवा, पण सोनं म्हणून विकायला जाऊ नका.

फेरीवाल्याचा हिशेब आणि आपला हिशेब

दारावर माणूस येतो. जुन्या नाण्यांवर भांडी देतो म्हणतो. समजा कोणी १२ कलदार रुपये दिले आणि स्टीलचा मोठा डबा घेतला. हिशेब करू. १२ रुपयांत जवळपास १२८ ग्रॅम शुद्ध चांदी. चांदीचा भाव रोज बदलतो, पण मोजायला सोपं जावं म्हणून ग्रॅमला १०० रुपये धरा. १२,८०० रुपयांची चांदी गेली. डबा कितीचा होता?

म्हणून पहिला नियम: चांदीचं नाणं दारावर विकायचं नाही. विकायची वेळ आलीच, तर त्या दिवशीचा चांदीचा भाव विचारून, दोन-तीन सराफांकडे वजन करून, पावती घेऊन विकायचं. एकटीने जाऊ नका, गटातली एक जण सोबत न्या. नाणी नजरेआड होऊ देऊ नका. "आत मशीनवर तपासून आणतो" म्हणाले तर आपणही आत जायचं.

सराफ देतो तो चांदीचा भाव. तो नाण्याच्या किमतीचा पाया झाला, त्याखाली जायचं नाही. त्याच्यावर जे मिळतं ते संग्राहकाकडून, म्हणजे नाणी गोळा करणाऱ्या माणसाकडून. सगळ्या नाण्यांना तसं वर मिळत नाही. कोणत्या नाण्याला मिळतं, ते आता बघू.

भाव कशाने चढतो

चार प्रश्न विचारायचे. किती पाडली? किती उरली? कोणाला हवी? आणि आपल्या हातातलं नाणं कोणत्या अवस्थेत आहे?

पहिला प्रश्न, किती पाडली. पंचम जॉर्जचा १९१८ चा रुपया घ्या. शंभर वर्षांहून जुना आहे. पण त्या एका सालात मुंबई आणि कोलकात्याच्या टांकसाळींनी मिळून ४० कोटींहून जास्त रुपये पाडले. पहिलं महायुद्ध चालू होतं, लोकांना कागदी नोटांवर भरवसा नव्हता, चांदीचेच रुपये मागत होते. इंग्रज सरकारजवळ चांदी कमी पडली. तेव्हा अमेरिकेने १९१८ मध्ये कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी हिंदुस्थानासाठी इंग्रजांना विकली. असे कोट्यवधी रुपये पाडले गेले, म्हणून १९१८, १९१९, १९२० चे रुपये आजही भरपूर सापडतात. त्यांना चांदीचा भाव मिळतो, वरती फार थोडं.

दुसरा प्रश्न, किती उरली. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया पाडला गेला, पण बहुतेक नाणी बाहेर पडण्याआधी किंवा लगेच परत वितळवली गेली. म्हणून तो खरोखर दुर्मीळ आहे आणि त्याला मोठी किंमत येते. पण मोठी किंमत येते म्हणूनच त्याची नक्कलही फार होते. दुसऱ्या सालाचा आकडा खरवडून ३९ करणारे लोक आहेत. तेव्हा घरच्या नाण्यात १९३९ सापडलं तर नाचू नका आणि फेकूही नका. जाणकाराला दाखवा. आणि कोणी १९३९ चा रुपया विकायला आणला, तर घेऊ नका.

तिसरा प्रश्न, कोणाला हवी. याला नाण्यामागची गोष्टही कारण होते. १९११ सालच्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावर एक हत्ती आहे. तो इतका बारीक आणि सोंड इतकी आखूड काढली होती की लोकांना ते डुक्कर वाटलं. धर्माचा प्रश्न झाला, ओरड झाली, सरकारने नाणी मागे घेतली आणि १९१२ पासून हत्ती नीट काढला. आज संग्राहक १९११ चा रुपया मुद्दाम शोधतात, म्हणून त्याला त्याच राजाच्या पुढच्या सालांपेक्षा जास्त भाव येतो. घरी पंचम जॉर्जचा रुपया असेल तर साल नक्की बघा.

याच प्रश्नाची दुसरी बाजूही बघा. १९८० साली ग्रामीण महिलांची प्रगती हा विषय घेऊन सरकारने नाणी काढली, त्यात २५ पैशांचंही होतं. आपल्यासारख्या बायांसाठी काढलेलं नाणं! पण ते भरपूर निघालं, म्हणून बाजारात किरकोळ भावात मिळतं. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनातूनही गेली. मी म्हणेन, गटाच्या कपाटात असं एक नाणं ठेवा, लेकींना दाखवा. पण त्यातून पैसा वाढेल म्हणून दहा-वीस गोळा करत बसू नका.

टांकसाळीची खूणही बघायला शिका. आजच्या नाण्यांवर सालाखाली मुंबईची खूण चौकटीच्या आकाराची, हैदराबादची चांदणी, नोएडाची गोल टिंब. कोलकात्याची खूण नसते. कधी कधी एकाच सालाचं नाणं एका टांकसाळीचं भरपूर आणि दुसऱ्या टांकसाळीचं कमी असतं. जाणकार माणूस म्हणूनच आधी साल आणि लगेच खूण बघतो.

चिंच, राख आणि पितांबरी

चौथा प्रश्न अवस्थेचा, आणि इथे आपल्या हातून चूक होते. आपल्याला घासायची सवय. दिवाळीला भांडी घासताना नाणीही चिंच लावून, राख लावून, पितांबरी लावून चकचकीत करतो. संग्राहकाच्या नजरेत त्या नाण्याची किंमत तिथेच जाते. नाण्यावरचा काळपट थर म्हणजे मळ नव्हे. वर्षानुवर्षं हवेने चांदीवर जमलेला तो रंग असतो, आणि नाणं कोणी घासलेलं नाही याची ती खूण असते. घासलं की बारीक ओरखडे पडतात आणि राजाच्या केसांच्या, मुकुटाच्या रेघा झिजतात. पूजेला दुधा-पाण्याचा हात लावायचा असेल तर लावा, मऊ कापडाने दाबून टिपून घ्या. घासू नका.

ठेवायचं कसं? प्रत्येक नाणं वेगळ्या कोऱ्या कागदाच्या पाकिटात. पाकिटावर साल, राजाचं नाव, वजन लिहा. रबर लावू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. आपल्याकडे पावसाळ्यात घरात ओल येते, म्हणून मातीच्या कोनाड्यात किंवा चुलीच्या वर ठेवू नका. कोरड्या डब्यात ठेवा. नाणं हाताळताना कडेने धरा, तोंडावर बोटं लावू नका.

आता माळेबद्दल. आपल्या गोंड, माडिया घरांत रुपयांची माळ असते. तिच्यातल्या प्रत्येक रुपयाला कडी डाकलेली असते. डाक बसलेल्या, भोक पाडलेल्या नाण्याला संग्राहक सहसा वर भाव देत नाही, त्याची किंमत चांदीइतकी. पण म्हणून माळ कमी किमतीची झाली असं नाही. कोणी सांगितलं की माळ तोडा, त्यातला अमुक सालाचा रुपया मी वेगळ्या भावाने घेतो, तर तोडू नका. आजीने लग्नात, सणात घातलेली माळ एकदा सुटली की तशी परत होत नाही. तिची चांदी कुठे जात नाही. अडचणीच्या दिवसाला ती आधार आहे आणि नाचायच्या दिवसाला दागिना.

आणि एक हक्काची गोष्ट. आईने, आजीने, माहेरच्यांनी तुम्हाला दिलेली नाणी आणि दागिने हे तुमचं स्त्रीधन आहे, त्यावर तुमचा हक्क आहे. घरच्या कोणी परस्पर उचलून विकू नये म्हणून वहीत नोंद करा. गटाचं रजिस्टर आपण लिहितोच, तसंच. साल, वजन, कोणाकडून आलं. मोबाईलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा.

नवीन घ्यायची असतील तर

काही जणी विचारतात, घरात नाही, पण पैसे गुंतवायला म्हणून घ्यावी का? मी आधी साधा हिशेब मांडते.

गटात १,००० रुपये अंतर्गत कर्जाला फिरले आणि महिन्याला शेकडा १ रुपया व्याज असेल, तर वर्षाला १२० रुपये येतात. ते गटात येतात, म्हणजे आपल्यातच येतात. नाणं पेटीत पडून राहतं, ते व्याज देत नाही, बोनस देत नाही. ते विकलं तरच पैसा. आणि दुकानदाराचा विकायचा भाव वेगळा, घ्यायचा भाव वेगळा. त्याने तुम्हाला २,००० ला दिलेलं नाणं तुम्ही दुसऱ्या दिवशी परत नेलं तर तो २,००० देणार नाही. आधी ते अंतर भरून निघायला हवं, मग नफा. त्याला पाच-दहा वर्षंही लागतात, आणि हमी कोणीच देऊ शकत नाही.

तेव्हा बचत भरून झाली, हप्ता गेला, विम्याचा हप्ता गेला, लेकरांची फी गेली, बी-बियाण्याचं बघून झालं, आणि तरी हातात चार पैसे उरले आणि मनापासून आवड असेल, तर घ्या. कर्ज काढून नाही. गटाच्या पैशातून तर अजिबात नाही. गटाचा पैसा फिरता राहिला पाहिजे.

घ्यायचं तर असं घ्या. एक, चांदीचं घ्या, म्हणजे भाव पडला तरी धातूची किंमत हातात राहते. दोन, किंमत चांदीच्या भावापासून फार वर नसावी. तीन, साल, अक्षरं, चेहरा स्वच्छ वाचता यावा. दहा झिजलेल्या नाण्यांपेक्षा एक चांगलं नाणं पुढे जास्त भाव धरतं. चार, घासलेलं, डाकलेलं, भोकाचं नाही. पाच, पावती देणाऱ्याकडूनच, आणि पावतीवर साल, वजन, धातू लिहून. सहा, घरी आणून वजन करा. ११.६६ च्या जागी ९ ग्रॅम भरलं तर काहीतरी गडबड आहे. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरतं, पण इतकं नाही.

सरकारी टांकसाळही विशेष प्रसंगांची नाणी पेटीत बसवून विकते. ती खरी असतात, हा मोठा फायदा. पण त्यांची विक्री-किंमत नाण्यावर छापलेल्या आकड्याहून बरीच जास्त असते. नातीच्या जन्माची आठवण म्हणून घ्या, आनंदाने घ्या. तिच्या लग्नाचा खर्च त्यातून निघेल असं मनात धरू नका.

फोन येतो तेव्हा

आता ज्या ताईने काही विचारलं नाही, तिच्याबद्दल. तिने सांगायची परवानगी दिली आहे, नाव घेणार नाही. तिच्याकडे चलनातून गेलेली जुनी नाणी होती. मोबाईलवर जाहिरात पाहिली, फोटो पाठवला. लगेच फोन. "मॅडम, तुमच्या नाण्याचे तीन लाख मंजूर झाले." आधी नोंदणी म्हणून हजारभर रुपये मागितले. भरले. मग कर म्हणून पाच हजार. ते भरायला तिने गटातून अंतर्गत कर्ज घेतलं आणि कारण सांगितलं बियाण्याचं. मग रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र म्हणून बारा हजार मागितले, मोबाईलवर शिक्का मारलेला कागदही पाठवला. तेव्हा तिच्याजवळ काही उरलं नव्हतं. चार महिने ती गटाच्या बैठकीला आली नाही. हप्ता थकला, नवऱ्याला माहीत नाही, लेकीला माहीत नाही. शेवटी अध्यक्षा तिच्या घरी गेली तेव्हा ती बोलली.

बायांनो, पैसे गेले ते गेले. पण चार महिने तिने ते एकटीने सोसलं, ते मला जास्त लागतं. गटाने पुढे काय केलं? तिला कोणी बोल लावला नाही. कर्जाचे हप्ते लहान करून दिले. आणि ती आता स्वतः प्रत्येक बैठकीत ही गोष्ट सांगते.

हे लक्षात ठेवा. नाणं विकणाऱ्याला पैसे मिळायला हवेत. विकणाऱ्यानेच आधी पैसे भरायचे, असा व्यवहार जगात कुठे असतो का? तुम्ही बाजारात मोहफुलं विकायला नेता, तेव्हा व्यापारी तुमच्याकडून नोंदणी फी घेतो का? रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर सूचना काढून सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कोणतंही शुल्क वा कमिशन मागत नाही, आणि तिच्या नावाने असं मागायला कोणालाही अधिकार दिलेला नाही. मग शिक्का कितीही खरा दिसू दे, तो खोटा.

वैष्णोदेवीच्या छापाची ५ आणि १० रुपयांची नाणी २०१२ साली निघाली, ती बाजारात सर्रास फिरली. हातात आलं तर देवीचं दर्शन म्हणून ठेवा, पण ते ५ रुपयांचं आणि १० रुपयांचंच आहे. ट्रॅक्टरच्या छापाच्या ५ रुपयांच्या नोटेचंही तेच.

पैसे गेलेच असतील तर लाजू नका. तासाभराच्या आत १९३० या नंबरवर फोन करा. तो सायबर फसवणुकीसाठी सरकारी मदत क्रमांक आहे. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. मग बँकेत जा, पोलीस ठाण्यात जा. ओटीपी कोणालाही सांगू नका. आणि पैसे भरण्याआधी गटातल्या एका तरी बाईला विचारा. फोनवाला म्हणेल, "कोणाला सांगू नका, ऑफर जाईल." तो असं म्हणाला की समजायचं, हा चोर आहे.

जमिनीत सापडलं तर

रोजगार हमीचं तळं खोदताना, घरकुलाचा पाया काढताना, शेत नांगरताना कधी मडकं लागतं आणि त्यात नाणी निघतात. आपला मुलुख जुना आहे. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यात सातवाहन राजांच्या नाण्यांचा साठा सापडला होता. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात, आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या तऱ्हाळा गावी सातवाहनांचीच दीड हजाराच्या वर नाणी निघाली. त्या नाण्यांवरून आधी माहीत नसलेल्या राजांची नावं कळली. डॉ. वा. वि. मिराशींसारख्या विद्वानांनी त्यावर लिहिलं. ती नाणी सराफाकडे वितळली असती तर विदर्भाच्या इतिहासातलं एक पान कायमचं गेलं असतं.

अशा वेळी कायदा काय म्हणतो? १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत पुरलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तहसील कार्यालयातून कळवा आणि अर्जाची पोच घ्या. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि हिस्साही जातो. कळवलं तर कायद्यात सापडणाऱ्याचा हिस्सा आहे. मालक कोणी निघाला नाही आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसला, तर चारातले तीन वाटे सापडणाऱ्याचे, एक वाटा जमीनमालकाचा. सरकारने ठेवून घेतलं तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देण्याची तरतूद आहे. म्हणून खोदताना सापडलं तर सगळ्या मजूर बायांसमोर मोजा, फोटो काढा, कळवा. मडकंही फोडू नका, तेही अभ्यासाला लागतं.

शंभर वर्षांहून जुनी नाणी परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. "परदेशातून गिऱ्हाईक आहे, पार्सल करा" म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा.

पुढच्या बैठकीत काय करायचं

नाणी नीट बघायची असतील तर नागपूरला सहल काढा. तिथलं मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला लोक अजब बंगला म्हणतात, १८६३ पासून आहे. नाशिककडे कधी गेलात तर त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय आहे. एकदा खरं नाणं नीट पाहिलं की खोटं हाताला लगेच वेगळं लागतं.

तोपर्यंत गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीने घरातली जुनी नाणी आणावीत. बँक सखीने वजनकाटा आणि चुंबक आणावं. साल वाचायचं, वजन करायचं, चुंबक लावायचं, आणि प्रत्येकीच्या वहीत तिच्या नाण्यांची यादी लिहायची. अर्ध्या तासाचं काम आहे. कोणाकडे किती आहे ते बैठकीबाहेर सांगत सुटायचं नाही, एवढं पथ्य पाळा. बैठक संपली की ज्याची नाणी त्याच्या पिशवीत.

मग दारावर भांडेवाला आला किंवा फोनवर लाख रुपयेवाला आला, तर तुमच्याजवळ वही असेल. त्याला विचारा, "भाऊ, साल कोणतं, चांदी किती ग्रॅम, आणि पावती देता का?" बहुतेक वेळा तो तिसऱ्या प्रश्नाआधीच निघून जातो.